गाठ काढली होती, मग मणक्यात कुठून आली?

कावेरी_कोथरूड · रविवार, रात्री १०:५०

गणपतीनंतर मावशीची कंबर दुखायला लागली. मोदक वळायला तासन्‌तास बसली म्हणून दुखतेय, असं सगळ्यांनी धरून चाललं. तेल झालं, शेक झाला, एक्सरे झाला. मग एमआरआय, मग पेट स्कॅन, आणि शेवटी मणक्यातून सुईने काढलेला तुकडा. अकरा वर्षांपूर्वी डाव्या स्तनातून गाठ काढली होती. त्याच जातीच्या पेशी आता कंबरेच्या तिसऱ्या मणक्यात आहेत.

काका त्या दिवसापासून एकच बोलतायत. "गाठ काढली होती ना? बगलेतलंही काढलं होतं. मग मणक्यात कुठून आली? त्या सर्जननेच काहीतरी ठेवलं असणार."

मी डॉक्टर नाही. नऊ वर्षं एका प्रयोगशाळेत पेशी वाढवायचं काम केलं, आता कॉलेजात शिकवते. उपचारांचा सल्ला देणार नाही, कृपया मागूही नका. पण काकांना फोनवर नीट उत्तर देता आलं नाही, ते इथे लिहून बघतेय.

आधी एक दुरुस्ती. घरात सगळे "आता हाडाचा कॅन्सर झाला" म्हणतात. पत्ता बदललाय, आडनाव तेच आहे. तुकडा तपासला तेव्हा इस्ट्रोजेन या संप्रेरकाची खूण पूर्वीसारखीच पॉझिटिव्ह आली, आणि औषधंही स्तनाच्याच कर्करोगाची चालणार आहेत.

काकांचाच प्रश्न १८८९ साली स्टीफन पॅजेट नावाच्या इंग्रज सर्जनला पडला होता. स्तनाच्या कर्करोगाने गेलेल्या ७३५ रुग्णांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी त्याने चाळल्या. यकृतात गाठी सापडल्या २४१ जणांत, प्लीहेत फक्त १७ जणांत. रक्त तर दोन्हीकडे भरपूर जातं. नुसतं वाहत जाऊन अडकणं एवढंच असतं, तर इतका फरक का पडावा? त्याने 'लॅन्सेट'मध्ये मांडलं ते थोडक्यात असं, की बी सगळीकडे उडतं, रुजतं मात्र मानवेल त्याच मातीत. पुढे १९२८ मध्ये अमेरिकी पॅथॉलॉजिस्ट जेम्स यूइंग यांनी उलट बाजू घेतली. त्यांचं म्हणणं, रक्तवाहिन्या जिथे नेतील तिथे पेशी जाणार, यात मातीचा काय संबंध? यूइंग यांचा दबदबा मोठा, त्यामुळे पॅजेट बरीच वर्षं अडगळीत पडला. १९७० नंतर आयझाया फिडलर यांनी उंदरांवर काम करून त्याला बाहेर काढला. फिडलर यांच्या एका मोजणीत रक्तात सोडलेल्या कर्करोगाच्या पेशींपैकी चोवीस तासांनंतर हजारात एकसुद्धा जिवंत नव्हती. म्हणजे प्रवास स्वस्त आहे, मुक्काम महाग आहे.

इथवर पॅजेट बरोबर होता. त्याला जे माहीत असणं शक्य नव्हतं ते असं, की गाठ माती आयती मिळायची वाट बघत बसत नाही. ती स्तनात असतानाच तिच्याकडून निरोप सुटतात आणि दूरच्या अवयवातल्या चांगल्या, निरोगी पेशी आपलं वागणं बदलायला लागतात. २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या डेव्हिड लायडन यांच्या गटाने 'नेचर'मध्ये दाखवलं, की उंदराच्या फुप्फुसात कर्करोगाची एकही पेशी पोचायच्या आधी अस्थिमज्जेतून निघालेल्या काही पेशी तिथे जाऊन जागा धरून बसलेल्या असतात. तो प्रयोग फुप्फुसाच्या आणि त्वचेच्या कर्करोगाचा होता, स्तनाच्या नव्हे, हे सांगून ठेवते. त्यातला मला सगळ्यात आवडलेला भाग: त्वचेच्या कर्करोगाच्या पेशी ज्या द्रवात वाढल्या, तो नुसता द्रव उंदरांना टोचला, त्यात पेशी नव्हत्या. नंतर फुप्फुसाच्या कर्करोगाच्या पेशी सोडल्या, तर त्या एरवी जात नाहीत अशा अवयवांत जाऊन वाढल्या. सामान न पाठवता नुसत्या चिठ्ठीने घर बदललं.

या चिठ्ठ्या कशातून जातात, तर काही नुसती प्रथिनं असतात आणि काही एक्सोसोममधून जातात. एक्सोसोम म्हणजे पेशीने बाहेर सोडलेली चरबीच्या पापुद्र्याची पुडी, साधारण ३० ते १५० नॅनोमीटर. निरोगी पेशीही त्या सोडतात, कर्करोगाच्या जरा जास्तच उत्साहाने. आमच्याकडे त्या वेगळ्या करायचं काम असायचं. पेशी ज्यात वाढवल्या तो गुलाबी द्रव मोठ्या सेंट्रिफ्यूजमध्ये गुरुत्वाकर्षणाच्या लाखपट जोराने तासभर फिरवायचा. नळी बाहेर काढली की तळाला काहीही दिसत नाही. खरंच काहीही नाही. म्हणून नळी आत ठेवतानाच बाहेरून मार्करने खूण करायची, की साका बसलाच तर इथे बसेल. मग द्रव ओतून द्यायचा आणि त्या खुणेच्या आतल्या बाजूला, डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीवर, दोन थेंब सोडून ती विरघळवायची. पहिले सहा महिने मला वाटायचं आपण सगळे मिळून नाटक करतोय.

नाटक नव्हतं. २०१५ मध्ये आयुको होशिनो, लायडन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की या पुड्यांच्या अंगावरच पत्ता असतो. इंटेग्रिन नावाच्या प्रथिनांची एक जोडी असेल तर पुड्या फुप्फुसात उतरतात, दुसरी असेल तर यकृतात. त्यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या, हाडाकडे ओढ असलेल्या पेशी घेतल्या, पण उंदराला आधी फुप्फुसवाल्या पुड्या दिल्या. तर हाडाकडे जाणाऱ्या त्या पेशी फुप्फुसात वाढल्या. या पेशींची मूळ जात मीही वाढवली आहे. १९७० च्या दशकात ह्यूस्टनमधल्या एका बाईच्या छातीत साठलेल्या पाण्यातून त्या काढल्या होत्या आणि आजही जगभर वाढतायत.

जरा लांबलं. माझा इथे एक वेगळाच प्रश्न आहे. पेशी पोचायच्या आधी तयार झालेल्या या जागेला पुस्तकात 'प्री-मेटास्टॅटिक निश' म्हणतात. काकांना कळेल असा मराठी शब्द सुचवा. 'पूर्वविक्षेपी कोनाडा' वगैरे सुचवणाऱ्याला मोदक मिळणार नाहीत.

खारी_बटर · रविवार, रात्री ११:२०

चहा दोनदा गार झाला. मावशींना लवकर आराम पडो. चिठ्ठीने घर बदललं हे वाचून अंगावर काटा आला.

उंटावरून_शेळ्या · सोमवार, सकाळी ७:०५

शब्द हवा आहे ना? वाफसा! बी-माती चाललंच आहे, तर वाफसा आल्याशिवाय पेरणी नाही हे शेंबडं पोरही सांगेल.

कावेरी_कोथरूड · सोमवार, सकाळी ७:४०

अहाहा. घेतला.

बोदावरचा_पलूसकर · सोमवार, सकाळी ९:१५

ताई, घेऊ नका. शेळ्या उंटावरूनच हाकल्यात.

वाफसा कुणी करत नाही, येतो. पाऊस पडून गेला, रानात चिखल आहे, पाय रुततोय, तोवर थांबायचं. पाणी निथरलं, मूठभर माती दाबली की गोळा होतो आणि टाकला की फुटतो, तो वाफसा. आपल्या हातात फक्त वाट बघणं. तुम्ही सांगताय ते तर कुणीतरी मुद्दाम केलेलं काम आहे. त्याला मशागत म्हणतात.

पण मशागतीत आपण माती मोकळी करतो. या तुमच्या फुप्फुसात नेमकं काय करतात? मोकळं की घट्ट?

कावेरी_कोथरूड · सोमवार, दुपारी १:३०

दादा, तुम्ही बरोबर दुखरी नस पकडली. मशागत हा शब्द घेतला. आणि नंतरच्या प्रश्नाने तोही अर्धा हातातून गेला, कारण उत्तर आहे घट्ट.

गाठ मोठी होते तसा तिच्या पोटात रक्तपुरवठा कमी पडतो, ऑक्सिजनची तंगी होते. अशा गुदमरलेल्या पेशी लायसिल ऑक्सिडेज नावाचं एंझाइम बाहेर सोडतात. ते रक्तातून फुप्फुसात जाऊन तिथल्या कोलॅजेनच्या तंतूंना एकमेकांशी टाके घालतं. ताणलेल्या त्या जाळ्याला अस्थिमज्जेतल्या काही पांढऱ्या पेशी येऊन चिकटतात आणि त्याच पुढे कर्करोगाच्या पेशींना बसायला जागा करून देतात. यानीन एर्लर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हे उंदरांच्या स्तनाच्या गाठींवर दाखवलं. एंझाइम बंद पाडलं की जाळंही नाही आणि पाहुणेही नाहीत.

म्हणजे माती भुसभुशीत करणं नाही. मग काय म्हणायचं?

बोदावरचा_पलूसकर · सोमवार, दुपारी २:१०

मांडव.

द्राक्षाच्या बागेत वेल लावायच्या आधी अँगल रोवतात, तारा ओढतात, ताण देतात. तार ढिली असली तर वेल लोळते. कोवळा शेंडा तार पकडूनच वर चढतो. तुमचं कोलॅजेन म्हणजे ओढलेली तार. फरक एवढाच की आमच्याकडे मांडवाला एकरी लाखांत खर्च येतो, आणि तुमची गाठ तो दुसऱ्याच्या रानात, दुसऱ्याच्या मजुरांकडून करून घेते.

कावेरी_कोथरूड · सोमवार, दुपारी २:१८

"दुसऱ्याच्या रानात दुसऱ्याच्या मजुरांकडून." हे वर्गात सांगणार. मोदक पलूसला पाठवते.

पुरावा_दाखवा · सोमवार, रात्री ८:४५

उपमा छान चालल्यात. रंगाचा बेरंग करतो. हे सगळं उंदरांत. उंदरांचा कॅन्सर आपण गेली पन्नास वर्षं बरा करतोय. माणसाच्या शरीरात गाठ असताना कुणी फुप्फुस उघडून मांडव पाहिलाय का? आणि ११ वर्षांचं काय? गाठ तर केव्हाच काढली, निरोप पाठवणारा गेला. मग मणक्यातली तार अकरा वर्षं कुणी ताणून धरली?

लंडनची_भुरभुर · सोमवार, रात्री ११:५५

दुसऱ्या प्रश्नावर नंतर येतो, आधी पहिल्याला शेपूट जोडतो. उंदीर तर उंदीर, पण शेजारच्या निरोगी पेशीला नेमकं काय होतं, हे पाहायचीच मोठी अडचण होती. फुप्फुसात कोट्यवधी पेशी, त्यात कर्करोगाच्या मूठभर. त्यांना खेटून बसलेल्या कुठल्या, हे कसं ओळखणार?

इथल्या क्रिक इन्स्टिट्यूटमधल्या लुइजी ओम्ब्रातो, इलारिया मलांची आणि मंडळींनी २०१९ मध्ये झकास युक्ती काढली. (माझी लॅब नाही, मी दुसऱ्या इमारतीत दुसरंच काहीतरी करतो.) स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींना त्यांनी एक लाल चकाकणारं प्रथिन बाहेर सोडायला लावलं. त्याला असा एक तुकडा जोडलेला, की ते पेशीच्या पापुद्र्यातून सहज आत शिरतं. त्यामुळे कर्करोगाच्या पेशीला जी पेशी खेटेल ती लाल होते. होळीला रंग लागलेला माणूस ज्याच्या घरी जातो त्याच्या दाराची कडी रंगते, तसं. मग फुप्फुस काढायचं, लाल तेवढ्या पेशी वेगळ्या करायच्या.

त्यात फुप्फुसाच्या अस्तराच्या साध्या पेशी सापडल्या. आपलं नेमून दिलेलं काम सोडून त्या थोड्या मागे, मूळपेशींसारख्या अवस्थेत गेल्या होत्या. जणू जखम झालीय आणि दुरुस्ती करायचीय. बाहेर काढून कर्करोगाच्या पेशींसोबत वाढवल्या तर त्या त्यांना वाढायला मदत करतात. मला यात गंमत ही वाटते की शेजाऱ्याला कुणी वाईट शिकवलेलं नाही. पडलं-झडलं तर दुरुस्तीला धावायचं ही त्याची जुनी चांगली सवय. तीच वापरून घेतली.

ओपीडी_संपली_की · मंगळवार, रात्री १२:३०

झोपायला हवं, पण 'पुरावा_दाखवा' यांना उत्तर द्यायची खाज आहे.

हाडाचं उदाहरण घ्या. कर्करोगाची पेशी हाड स्वतः खात नाही, तिला ते येत नाही. आपल्या हाडात दोन टोळ्या असतात, एक बांधणारी आणि एक खरवडणारी. दोघींचं काम जन्मभर तोलात चालतं. कर्करोगाची पेशी एक संप्रेरकासारखं प्रथिन सोडते. ते ऐकून बांधणाऱ्या टोळीतल्या पेशी खरवडणाऱ्यांना 'या, काम आहे' असा सांगावा देतात. हाड खरवडलं जातं. हाडात बँकेतल्या ठेवीसारखे वाढीचे घटक साठवलेले असतात, ते मोकळे होतात आणि कर्करोगाच्या पेशीला खुराक मिळतो. ती आणखी प्रथिन सोडते. रुग्णाला ठणका लागतो, रक्तात कॅल्शियम चढतं.

२०१५ मध्ये एर्लर यांच्याच गटाने आणखी एक पाऊल मागे जाऊन पाहिलं. तेच लायसिल ऑक्सिडेज. गाठीचा नुसता स्राव उंदरांना टोचला, तर कर्करोगाची पेशी नसतानाही हाडाला बारीक भोकं पडली. नंतर पेशी सोडल्या तर त्या अशाच हाडात वाढल्या. आणि खरवडणाऱ्या टोळीला रोखणारं बिस्फॉस्फोनेट आधी दिलं तर भोकंही नाहीत, गाठीही कमी.

आता माणसं. बिस्फॉस्फोनेट म्हणजे हाड ठिसूळ झालेल्या आज्यांना देतात ते जुनंच औषध. सुरुवातीच्या टप्प्यातल्या स्तनाच्या कर्करोगाच्या १८,७६६ स्त्रियांची माहिती एकत्र करून २०१५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापली. पाळी गेलेल्या स्त्रियांत हाडातला फैलाव सुमारे २८ टक्क्यांनी आणि कर्करोगाने होणारे मृत्यू १८ टक्क्यांनी कमी. पाळी चालू असलेल्यांत फायदा दिसला नाही. लक्षात घ्या, हे औषध मुख्यतः मातीला दिलंय, बियाला नव्हे.

लगेच टाळ्या नकोत. त्याच टोळीला जास्त नेमकं अडवणारं डेनोसुमॅब घेऊन ४,५०९ स्त्रियांवर मोठी चाचणी झाली, २०२० मध्ये निकाल छापून आला, आणि हाडातला फैलाव लांबला नाही. कागदावर जास्त हुशार औषध प्रत्यक्षात कमी पडलं. ज्यांच्या हाडात आधीच फैलाव झालाय त्यांची हाडं मोडू नयेत म्हणून मात्र ते उत्तम चालतं.

अवांतर: मावशींना यातलं काही सुरू करणार असतील तर दात आधी दाखवून घ्या. काढायचा असेल तो आधी काढा. नंतर जबड्याचं हाड भरून यायला त्रास होऊ शकतो. हे सांगायचं राहून जातं आणि मग बोंब होते.

पुरावा_दाखवा · मंगळवार, सकाळी ९:००

डेनोसुमॅबचं न लपवता सांगितलंत, याबद्दल आदर वाढला. अकरा वर्षांचं राहिलं.

उसाचा_रस_बिनबर्फाचा · मंगळवार, सकाळी १०:२०

माझ्या आत्येसासूबाईंना सुई घालून तपासलं आणि वर्षात पसरला. एका मोठ्या दवाखान्यात. सुरी लागली की हा रोग खवळतो हे आमच्याकडे सगळेच म्हणतात. हे निरोप-बिरोप वाचून तर वाटतं की त्यात तथ्य असणार. गाठीला डिवचलं की ती जास्त चिठ्ठ्या पाठवत असेल.

ओपीडी_संपली_की · मंगळवार, रात्री ९:४०

हा प्रतिसाद वाचून पोटात गोळा आला, कारण असं ऐकून बायका घरी बसतात आणि गाठ फुटून वास यायला लागल्यावर येतात. सुईने रोग पसरत नाही. ज्यांचा वर्षात पसरलेला दिसतो, त्यांचा सुई घालायच्या कितीतरी आधीच पसरलेला असतो. कृपया तपासणी टाळू नका.

पण तुमच्या शंकेतला एक धागा थट्टेचा नाही. शस्त्रक्रियेच्या त्या तासाभरात गाठीच्या पेशींवर काय परिणाम होतो, हा प्रश्न टाटा मेमोरियलने गांभीर्याने घेतला. डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या ११ केंद्रांत १,६०० स्त्रिया घेतल्या. अर्ध्या जणींना गाठ काढायच्या ७ ते १० मिनिटं आधी गाठीभोवती लिडोकेनचं इंजेक्शन. दाताच्या डॉक्टरकडे भूल देतात तेच. पूर्ण भूल तर दिलेलीच असते, हे वरून. २०२३ मध्ये निकाल छापून आला. पाच वर्षांनी हयात असलेल्या ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्के. इतकं स्वस्त औषध, आणि कुठलीही कंपनी त्यात पैसे घालणार नाही असं.

म्हणजे शस्त्रक्रिया टाळायची नाही, ती आणखी निगुतीने करायची.

पुरावा_दाखवा · मंगळवार, रात्री १०:०५

बडव्यांचीच २०१५ ची चाचणी का नाही सांगितलीत? आधीच पसरलेला रोग असलेल्या ३५० स्त्रिया. स्तनातली गाठ काढली काय नि ठेवली काय, आयुष्य तेवढंच. उलट काढलेल्यांत दूरचा फैलाव लवकर वाढलेला दिसला.

ओपीडी_संपली_की · मंगळवार, रात्री १०:३०

कारण 'बिनबर्फाचा' यांनी त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं लक्षात ठेवलं असतं. ती चाचणी आधीच दूर पोचलेल्या रोगाची आहे. रोग स्तनात आणि बगलेत आहे तोवर गाठ काढणं हाच पाया. त्यातला 'का' मात्र खरंच विचार करण्यासारखा आहे. गाठ आणि तिच्या दूरच्या वसाहती यांच्यात काहीतरी बोलणं चालू असतं, एवढं त्यातून म्हणता येईल. त्याच्यापुढे मी जाणार नाही.

सहा_महिन्यांनी_एकदा · बुधवार, पहाटे ४:१०

नेहमी वाचते, लिहीत नाही. चार वर्षं झाली माझी केमो संपून. गोळी चालू आहे. आज झोप नाही.

तुम्ही सगळे मांडव नि मशागत म्हणताय, आणि मी माझ्या फुप्फुसांचा विचार करतेय. माझी गाठ कळायच्या आधी किती महिने आत होती कुणास ठाऊक. म्हणजे तेवढे महिने चिठ्ठ्या गेल्या असतील. तार ताणलेली आहे का हे बघायची काही तपासणी आहे का?

आणि दुसरं. माझे मिस्टर घरात सिगारेट ओढायचे. मीही बऱ्याचदा जागरणं केली. त्याने काही झालं असेल का?

कावेरी_कोथरूड · बुधवार, सकाळी ६:३०

ताई, धागा काढताना तुम्हीही वाचत असाल हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं.

तार मोजायची तपासणी आज दवाखान्यात नाही. रक्तातल्या पुड्यांवरून पत्ता वाचता येईल का यावर काम चालू आहे, पण तुमच्या डॉक्टरांनी सांगितली नाही म्हणून काही राहून गेलं, असं अजिबात नाही. आणि तयार जागा म्हणजे रोग नव्हे. मांडव आहे म्हणून वेल लागतेच असं नाही, हे पलूसकर दादा सांगतीलच. हजारात एक पेशी टिकत नाही ते मी वर लिहिलंय ना, ते तुमच्या बाजूचं आहे.

अकरा वर्षांचा प्रश्न आणि तुमचा सिगारेटचा प्रश्न एकाच ठिकाणी येऊन मिळतात. काही पेशी गाठ लहान असतानाच निघतात, अवयवात पोचतात आणि निजतात. वाढत नाहीत, मरतही नाहीत. केमो वाढणाऱ्या पेशींना गाठते, निजलेल्यांच्या अंगावरून जाते. म्हणून संप्रेरकाच्या गोळ्या इतकी वर्षं देतात. ६२,९२३ स्त्रियांची माहिती २०१७ मध्ये छापली गेली. पाच वर्षं गोळ्या घेऊन त्या वेळी रोगमुक्त असलेल्या स्त्रिया. त्यांच्यातही पुढच्या पंधरा वर्षांत दूरचा फैलाव होत राहिला. गाठ लहान आणि बगल स्वच्छ असलेल्यांत १३ टक्के, गाठ मोठी आणि चार ते नऊ ग्रंथींत रोग असलेल्यांत ४१ टक्के. मावशी मधल्या गटातली. सर्जनने काही ठेवलं नव्हतं. जे निघून गेलं होतं ते त्याच्या टेबलावर नव्हतंच.

उठवतं कोण, यावर न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बरमध्ये २०१८ मध्ये एक प्रयोग झाला. उंदरांच्या फुप्फुसात निजलेल्या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी. त्यांना सिगारेटचा धूर किंवा जंतूंचा अंश देऊन दीर्घकाळ सूज आणली. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, जंतू पकडायला स्वतःच्या डीएनएची जाळी फेकतात. त्या जाळीवरच्या एंझाइमांनी शेजारच्या लॅमिनिन नावाच्या प्रथिनाचे तुकडे केले, आणि कापलेल्या लॅमिनिनचा आकार कर्करोगाच्या पेशींना 'उठा' असा वाचता आला. इथेही सगळे आपलेच, आपापलं काम करणारे.

हा उंदरांतला प्रयोग आहे. त्यावरून तुमच्या घरातल्या सिगारेटचा हिशेब कुणी मांडू शकत नाही, तुम्हीही मांडू नका. आता घरात ओढत नसतील तर छान. जागरणांचं तर सोडूनच द्या.

आज पहाटे चार वाजता उठून जे टाइप केलंत ते पुढच्या भेटीत डॉक्टरांना तसंच वाचून दाखवा.

बोदावरचा_पलूसकर · बुधवार, सकाळी ८:००

मांडव उभा करून पाच वर्षं रिकामा पडलेला बघायचा असेल तर आमच्या चुलत्याच्या रानात या ताई. खुंट लावले, कलमं धरलीच नाहीत. तारा गंजल्या, आता त्यावर दोडका चढवलाय.

सहा_महिन्यांनी_एकदा · बुधवार, दुपारी १२:४५

दोडका वाचून हसले. धन्यवाद दोघांना.

खारी_बटर · बुधवार, दुपारी ३:००

मधेच एक शंका. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतंय की कॅन्सरच्या पेशी साखरेवर जगतात, साखर तोडली की उपाशी मरतात. खरं का?

लंडनची_भुरभुर · बुधवार, रात्री ११:१०

साखर तोडून मरत नाहीत, यकृत स्वतःच साखर बनवून रक्तात सोडतं. पण यामागे धाग्याला धरून एक भन्नाट गोष्ट आहे, ती सांगतो. एमिली वांग यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवलं की स्तनाच्या कर्करोगाच्या पुड्यांमध्ये १२२ क्रमांकाचा मायक्रोआरएनए, म्हणजे जनुकांचा आवाज कमी करणारा एक छोटासा रेणू, असतो. (ज्या रेणूंच्या शोधाला २०२४ चं नोबेल मिळालं, त्या कुळातला.) तो फुप्फुसातल्या आणि मेंदूतल्या निरोगी पेशींत शिरून साखर जाळणारं एक एंझाइम कमी करतो. मग त्या पेशी साखर कमी उचलतात. म्हणजे पाहुणे यायच्या आधी घरच्यांचीच भूक मारायची, पंगतीला वाढलेलं उरलं पाहिजे. २०२२ मध्ये त्याच गटाने दाखवलं की हाच रेणू स्वादुपिंडात जाऊन इन्सुलिनही कमी करतो, त्यामुळे उंदरांच्या रक्तात साखर चढते. तर साखर तुम्ही किती खाता यापेक्षा ती कुणाच्या ताटात जाते हा घोळ आहे.

मधुमेह असेल तर तो आटोक्यात ठेवा, ते कुणीही सांगेल. उपाशी राहू नका, केमोत तर मुळीच नाही.

उंटावरून_शेळ्या · गुरुवार, सकाळी ७:१५

माझा वाफसा अगदीच वाया गेला म्हणायचा.

बोदावरचा_पलूसकर · गुरुवार, सकाळी ७:५०

नाही हो. भुरभुर यांची लाल पेशी, ती दुरुस्तीला धावणारी, ती आपणहून मऊ झालेली माती आहे. तिथे वाफसा चालेल. हाडाला मशागत, फुप्फुसाच्या जाळ्याला मांडव. एका शब्दात बसत नाही तर नाही बसत. आमच्या एका रानात तीन प्रकारची माती आहे.

कावेरी_कोथरूड · शुक्रवार, रात्री ९:२५

धागा छापून काकांना दिला. चष्मा लावून दोन तास वाचत बसले. "दुसऱ्याच्या मजुरांकडून" खाली पेन्सिलीने रेघ मारलीय. मग म्हणाले, "म्हणजे त्याने ठेवली नव्हती." मी म्हटलं, दिसत होतं ते सगळं काढलं होतं. बराच वेळ गप्प होते. नंतर म्हणाले, "अकरा वर्षं त्याला शिव्या घालायला नव्हत्या पाहिजेत असं नाही, पण गेला महिनाभर नक्कीच नव्हत्या पाहिजेत." मावशी आतून ओरडली की त्याची फी आठवा आधी.

ओपीडी डॉक्टर, दातांचं लिहिलंत ते बरं झालं. हाडाचं औषध पुढच्या आठवड्यात सुरू होणार होतं आणि तिची खालची दाढ वर्षभर किडलेली आहे, कुणी विचारलंच नव्हतं. तिच्या डॉक्टरांशी बोलले. आधी दाढ काढायची, जखम भरली की मग सलाइन. दाढेची वेळ मंगळवारी साडेअकराची मिळाली आहे.